नदीकाठची बेशरम आणि कळपातल्या थरथरत्या शेळ्या: निफाड तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा एकत्र येतात, तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला आणि उथळ पाण्याचा, बेटांचा, पाणकणसाचा मोठा पसारा तयार झाला. 1986 मध्ये तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी 2020 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचं जाहीर झालं. रामसर दर्जा मिळालेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. हिवाळ्यात पक्षी बघायला लांबून लोक येतात. काठावरच्या गावांसाठी मात्र ही जागा वर्षभराची आहे. कुणाची गाळपेर, कुणाची मासेमारी, आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या जनावरांचा उन्हाळ्यातला चारा.

हे प्रकरण अशाच एका गावातलं आहे. गाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पण त्याच फुगवट्याच्या काठावर. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मी त्या भागात शेळ्या पाळणाऱ्या बायकांच्या गटांबरोबर काम करते, त्यामुळे एप्रिलअखेरपासून पुढचं बरंचसं मी जवळून पाहिलं. आधीचं कळपाच्या मालकीण असलेल्या मावशींच्या आणि त्यांच्या पुतण्याच्या तोंडून कळलं.

मावशींकडे वीस-बावीस शेळ्या होत्या, बहुतेक संगमनेरी रक्ताच्या. शेती नाही. मुलगा द्राक्षबागेत मजुरीला जातो आणि कळप पुतण्या राखतो. दोन बोकड ईदसाठी घरीच बांधून मक्यावर पोसलेले होते. पावसाळ्यात बांधावर आणि गायरानात चारा असतो, हिवाळ्यात उसाची तोड सुरू झाली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतं. मार्चमध्ये तोड संपते, वाढं बंद होतं, कांद्याच्या वावरात शेळ्यांना कुणी शिरू देत नाही. मग कळप नदीच्या पोटात उतरतो. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि पाणी लवकर मागे सरलं, त्यामुळे फेब्रुवारी सरतानाच शेळ्या नदीत उतरल्या.

काय घडत होतं

एप्रिलच्या मध्यावर दोन शेळ्या मागे पडू लागल्या. खाणं चालू होतं, पण अंग भरत नव्हतं आणि केस राठ झाले होते. मावशींना वाटलं, जंत झाले असतील. जंताचं औषध पाजलं. आठवडाभराने आणखी तीन-चार शेळ्या तशाच दिसायला लागल्या आणि पहिल्या दोघींची चाल बदलली. मागचे पाय फाकवून उभ्या राहायच्या. चालताना पाय गरजेपेक्षा उंच उचलायच्या, जणू पुढे पायरी आहे. सगळ्यात विचित्र होतं ते डोकं. शेळी शांत उभी असली तर फारसं काही जाणवायचं नाही, पण घमेल्यात तोंड घालायला गेली की मान थरथरू लागायची आणि तोंड घमेल्याच्या कडेवर आपटायचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहिली शेळी मेली. एक गाभडली. एका शेळीचं करडू जन्मापासून मलूल होतं, ते चार दिवसांत गेलं.

पहिले अंदाज, आणि एक भांडण

गावात लगेच एक नाव पुढे आलं. कळप रोज ज्या वाटेने नदीत उतरायचा, ती वाट एका द्राक्षबागेला लागून जाते. एप्रिल छाटणीनंतर बागेत फवारण्या चालू होत्या. “त्यानं औषध मारलं, बांधाचं गवत खाल्लं, म्हणून शेळ्या गेल्या,” असं मावशींचा मुलगा चार जणांसमोर बोलला. बागायतदार चिडला. पुढच्या दोन दिवसांत पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची भाषा सुरू झाली आणि मुलाची त्या बागेतली मजुरी बंद झाली.

हा या प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा. मावशींनी तक्रार थांबवली. “आधी डॉक्टर काय म्हणत्यात ते ऐकू. खोटं ठरलं तर गावात तोंड दाखवायचं कसं?” एवढंच त्या म्हणाल्या. या एका वाक्याने पुढचा बराच मनस्ताप वाचला.

पशुवैद्यक आले तेव्हा पाच-सहा शेळ्यांमध्ये लक्षणं स्पष्ट होती. त्यांनी एकेक शक्यता तपासून बाजूला काढली, आणि ती पद्धत इथे सविस्तर सांगावीशी वाटते, कारण मालकाला यातलं बरंच काही स्वतः बघता येतं.

फवारणीच्या औषधाची विषबाधा बहुतेक वेळा काही तासांत दिसते. तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, जनावर धापा टाकतं. इथे आजार आठवड्यांनी हळूहळू चढत गेला होता आणि लाळ नव्हती. पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा प्लेग, म्हणावा तर ताप, नाकाचा शेंबूड, तोंडातले फोड, हगवण यांतलं काही नव्हतं. गिड, म्हणजे कुत्र्याच्या फीतकृमीची गाठ मेंदूत होते तो आजार, सहसा कळपातल्या एखाद-दुसऱ्या आणि वयाने लहान जनावराला होतो आणि ते एकाच बाजूला गोल फिरत राहतं. इथे सहा जणी एकदम आजारी होत्या, त्यांतल्या निम्म्या तरी मोठ्या वयाच्या. गोल फिरण्याचाच दुसरा आजार लिस्टेरिया. त्यात ताप असतो, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, कान लोंबतो. तेही नव्हतं. बी-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेसाठी इंजेक्शनं दिली. त्यांचा काहीही उपयोग झाला नाही, आणि तेवढ्याने तीही शक्यता मागे पडली.

मग डॉक्टरांनी एक साधी चाचणी केली. एका शेळीला सपाट जागी उभं केलं, हनुवटीखाली हात घालून तिचं डोकं वर आकाशाकडे धरलं आणि मिनिटभर तसंच ठेवलं. हात सोडल्याबरोबर ती मागे डगमगली आणि ढुंगणावर बसली. उठायला तिला तीन प्रयत्न लागले. तीच चाचणी घरी बांधलेल्या बोकडावर केली, तर तो मान झटकून सरळ मक्याकडे गेला.

दुसरा धागा याच बोकडांनी दिला. पाणी तेच, गोठा तोच, पण ते दोघे ठणठणीत होते. महिन्याभरापूर्वी व्यालेली आणि तेव्हापासून घरीच असलेली एक शेळीही ठणठणीत होती. म्हणजे जे काही होतं ते चरायच्या वाटेवर होतं. पण बाग आणि नदी दोन्ही त्याच वाटेवर होत्या.

कळपामागे चालणं

डॉक्टरांनी पुतण्याला विचारलं, शेळ्या नदीत काय खातात? त्याने यादी सांगितली: हरळी, लव्हाळा, बाभळीच्या शेंगा, पाणकणसाचे कोवळे फुटवे. बेशरम नावाचं पाण्याकाठचं झुडूप त्यात नव्हतं. डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं तेव्हा मावशीच म्हणाल्या, “बेशरमीला कोण तोंड लावतंय हो? कुंपणाला लावतो ती आपण.”

त्यांचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं. गाय-म्हैस तिला सहसा हुंगून सोडून देते, म्हणूनच लोकांनी ती बांधाला लावली. चारा भरपूर असतो तेव्हा शेळीही तिच्याकडे बघत नाही. गावातल्या सत्तरीच्या माणसालाही ती इथलीच, आपल्याच मातीतली वाटते, इतकी ती डोळ्यांच्या सवयीची झाली आहे. प्रत्यक्षात तिचं मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे. आपल्याकडे ती शोभेसाठी आणि कुंपणासाठी आणली गेली आणि ओढे, कालवे, तलाव धरून पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कळपामागे चाललो. बागेच्या बांधाशी शेळ्या थांबल्याच नाहीत. नदीत उतरल्यावर पुढच्या पाच-सहा शेळ्या वाळलेल्या लव्हाळ्यातून न थांबता सरळ पाण्याच्या कडेला असलेल्या बेशरमीच्या जाळीकडे गेल्या. पुतण्यासाठी हे रोजचंच होतं. “सावलीला जातात,” तो म्हणाला. त्या सावलीला थांबल्या नाहीत. मागच्या दोन पायांवर उभ्या राहून पाला ओरबाडायला लागल्या.

जाळी जवळून पाहिली तेव्हा शंका उरली नाही. शेळीचं तोंड पोहोचेल तिथपर्यंत सगळ्या काड्या उघड्या होत्या, पानांचे देठ अर्ध्यात तुटलेले, काहींवर चीक वाळून पिवळट झालेला. त्या उंचीच्या वर पानं भरगच्च होती. चाळीसेक पावलं पुढे, जिथे पाणी आडवं येतं आणि शेळ्या जात नाहीत, तिथल्या जाळ्या जमिनीपर्यंत हिरव्या होत्या. शेळ्या काय खातात हे झाडावर इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना दोन महिने कुणी तिथे पाहिलं नव्हतं, कारण ते झाड खाण्यात गणलंच जात नव्हतं.

ही वनस्पती ओळखायची कशी

बेशरम उभी वाढते. पुरुषभर किंवा त्याहून उंच जाळी होते, एका बुडातून अनेक काड्या निघतात. काडी बुडाशी लाकडासारखी कडक होते आणि कापली तर आत पोकळ असते. पान किंवा काडी तोडली की पांढरा चीक येतो. पान वीतभर लांबीचं, देठाकडे बदामी आकाराचं आणि पुढे निमुळतं होत गेलेलं. फूल फिकट गुलाबी-जांभळं, नरसाळ्याच्या आकाराचं, घशाशी रंग गडद. बियांवर तपकिरी, रेशमी लव असते. पाण्यात बूड असलं तरी ती जगते, पाणी आटलं तरी जगते. मे महिन्यात नदीच्या पोटात सगळं पिवळं पडलेलं असताना एखादी जाळी गर्द हिरवी दिसली, तर बहुधा तीच असते.

गल्लत होते ती नाळीच्या भाजीशी. नाळ ही आपल्या पाणथळीतली मूळची वेल, खायची. दोन्ही एकाच कुळातल्या, एकाच प्रजातिगटातल्या. दोन्हींची काडी पोकळ, दोन्हींत चीक, फुलाची घडण सारखी. त्यामुळे “पोकळ आहे, चीक आहे, जांभळं फूल आहे” या तीन खुणांवर विसंबून चालत नाही. फरक असा: नाळ आडवी पसरते, पाण्यावर तरंगते किंवा चिखलावर सरपटते आणि तिच्या पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटलेली असतात. तिचं पान बाणाच्या टोकासारखं, खालचे दोन कान टोकदार. फूल बरंच लहान, पांढरं किंवा फिकट जांभळं. तिची काडी जून झाली तरी नखाने दाबली जाते, बेशरमीची खालची काडी दाबली जात नाही. मोठ्या झाडात कुणाचीच फसगत होणार नाही. पण पुरानंतर चिखलात रुजलेल्या बेशरमीच्या तुकड्याला कोवळे फुटवे येतात, ते नाळीच्याच डबक्यात उभे असतात, आणि भाजी खुडणारी बाई घाईत असते. म्हणून उभा फुटवा खुडू नये, पाण्यावर पडलेलीच वेल घ्यावी, एवढा नियम आम्ही गटात सांगतो.

विष काय करतं

बेशरमीच्या पाल्यात स्वेनसोनिन नावाचं अल्कलॉइड असतं. झाडाच्या आत वाढणारी एक बुरशी ते तयार करते. पेशींत काही साखरी पदार्थ मोडून साफ करणारं एक एन्झाइम असतं, त्याला हे विष अडवतं. अर्धवट मोडलेला माल पेशीत साठत जातो, पेशी फुगतात, त्यांत पोकळ्या दिसू लागतात. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग, म्हणजे लहान मेंदू, याला सगळ्यात जास्त फटका बसतो. चाल बिघडणं आणि डोकं थरथरणं तिथून येतं. हे विष गाभातल्या करडापर्यंत आणि दुधातही जातं.

एक-दोन दिवस पाला खाल्ल्याने असं होत नाही, आठवडे लागतात. म्हणूनच कारण आणि परिणाम यांची सांगड मालकाला लागत नाही. खाणं थांबवलं की विष अंगातून काही दिवसांत निघून जातं आणि एन्झाइम पुन्हा काम करू लागतं. पण ज्या मज्जापेशी मेल्या त्या परत येत नाहीत. उतारा नाही. त्यामुळे किती लवकर थांबवलं यावरच सगळं अवलंबून असतं.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, जिच्यामुळे पुढचा निर्णय बदलला. चाऱ्याच्या टंचाईत एकदा खायला लागलेली शेळी पुढे चारा मिळाला तरी बेशरम शोधत जाते, आणि तिचं बघून कळपातल्या इतर शेळ्या शिकतात. ॲमेझॉन नदीच्या मुखाशी असलेल्या माराजो बेटावर शेळ्यांमध्ये हे नीट अभ्यासलं गेलं आहे. सुदानमध्येही शेळ्यांना या झाडाची बाधा नोंदली गेली आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दारात चालून आला. व्यापारी आला आणि आजारी शेळ्या मिळेल त्या भावात उचलतो म्हणाला. ईद जवळ होती. घरात पैसा नव्हता, डॉक्टरांचं आणि औषधांचं बिल थकलं होतं. विकून टाका, असं शेजाऱ्यांचंही म्हणणं होतं. डॉक्टरांनी विषबाधा झालेली जनावरं कत्तलीसाठी विकू नका असं स्पष्ट सांगितलं. मावशींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी फक्त दोन ठणठणीत बोकड विकले. त्या पैशातून वैरण घेतली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात अवघड निर्णय होता, आणि तो ज्या बाईने घेतला तिच्याकडे त्या दिवशी घरात पुरेसा किराणाही नव्हता.

दुसरा पर्याय, सगळा कळप घरी बांधून सांभाळायचा. वीस तोंडांना जून अखेरपर्यंत विकतची वैरण परवडणारी नव्हती.

तिसरा, कळप नदीतच न्यायचा पण राखण कडक करायची. पुतण्या एकटा, शेळ्या वीस, आणि त्यांतल्या निम्म्या चटावलेल्या. हे कागदावरही पटत नव्हतं.

चौथा, झाडच काढून टाकायचं. त्यासाठी तीन सूचना आल्या: तणनाशक मारा, जेसीबी लावा, हाताने उपटा. तणनाशकाला आम्ही ठाम नकार दिला. तेच पाणी जनावरं पितात, त्याच पाण्यात मासे पकडले जातात, आणि अभयारण्याची हद्द जवळच आहे. जेसीबीचं पुढे बघू.

काय केलं

कळप दोन भागांत तोडला. ज्यांच्यात लक्षणं नव्हती किंवा नुसती चाल किंचित ढिली होती, त्या शेळ्या टेम्पोत घालून सिन्नर तालुक्यात मावशींच्या माहेरी पाठवल्या. तिकडे कोरडं माळरान, बाभळी, बोरी, आणि चरायच्या पट्ट्यात बेशरम नाही. मावशींच्या भावाने दोन महिने कळप आपल्या शेळ्यांबरोबर राखला. जायच्या आधी डोकं वर धरून सोडायची चाचणी प्रत्येकीवर केली आणि ज्या डगमगल्या त्या मागे ठेवल्या. मागे राहिलेल्या पाच जणींना घरी बांधलं आणि तुरीचा भुसा, शेवग्याचा आणि सुबाभळीचा पाला, थोडा मक्याचा भरडा सुरू केला. त्यांची मान हलत असल्यामुळे पाणी सांडायचं, म्हणून बादलीऐवजी जड दगडी डोणी ठेवली. त्यांचं दूध घरात वापरणं बंद केलं आणि करडांना निरोगी शेळीला लावलं.

यातली एक शेळी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मेली. पहिली पुरली होती तशी ही लगेच पुरली नाही. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. उघड्या डोळ्यांना काहीही वावगं दिसलं नाही, आणि या विषबाधेत तसंच असतं. लहान मेंदूचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून तपासणीला पाठवला. अहवालात मज्जापेशींतल्या पोकळ्यांची नोंद आली. झाडावरच्या खुणा, चाचणी आणि हा अहवाल मिळून डॉक्टरांनी कारण लिहून दिलं. तो कागद घेऊन मावशींचा मुलगा स्वतः बागायतदाराकडे गेला. मजुरी पुन्हा सुरू झाली, बोलणं पूर्वीसारखं व्हायला मात्र दिवाळी उजाडली.

उपटणी मेच्या शेवटी केली, पाणी सगळ्यात खाली असताना. कळपाच्या वाटेवरचा गायरानाकडचा पट्टा तेवढा घेतला. समोरचा काठ अभयारण्याच्या हद्दीत येतो आणि तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. कुदळीने बुडखे उकरले आणि काड्या दोरीने बांधून पूररेषेच्या वर, मुरमावर पसरून वाळवल्या. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं होतं आणि सगळ्यात महत्त्वाचं. काडीचा हिरवा तुकडा ओल्या मातीत पडला की रुजतो. कडकडीत वाळल्यावर बायकांनी त्या काड्या जळणाला नेल्या.

निष्पत्ती

सिन्नरला गेलेल्या शेळ्या तीन-चार आठवड्यांत सावरल्या. अंग भरलं, चाल सुधारली. घरी बांधलेल्या पाचांपैकी आधी सांगितलेली एक मेली, जूनमध्ये आणखी एक गेली. उरलेल्या तिघींपैकी एक जवळजवळ बरी झाली. दोघींची मान आजही खाताना हलते. पळताना त्या पडतात, म्हणून त्यांना चरायला सोडत नाहीत.

पाऊस पडून गवत आल्यावर कळप परत आला. पहिल्याच आठवड्यात दोन शेळ्या हिरवं रान सोडून ओढ्याकाठच्या एका सुट्या जाळीकडे गेल्या. म्हणजे सवय गेली नव्हती. पुतण्याने त्या दोघींना ओळखून ठेवलं आहे. त्यांच्या गळ्यात घंटा बांधली आहे आणि कळप नदीकडे नेतो त्या दिवशी त्यांना घरी ठेवतो. ब्राझीलमध्ये अशा शेळ्यांना पाला खाल्ल्यावर लिथियम क्लोराइड देऊन त्या पाल्याचा तिटकारा आणण्याचे प्रयोग झाले आहेत. वीस शेळ्यांच्या घरासाठी घंटा आणि दावं हाच व्यवहार्य उपाय वाटला.

हाताने उपटलेल्या पट्ट्यात पावसानंतर तुरळक फुटवे आले, ते लहान असतानाच काढता आले. शेजारच्या पट्ट्यावर मात्र त्याच उन्हाळ्यात कुणीतरी बांध रुंद करायला जेसीबी चालवला होता. जाळ्या मोडून, तुकडे होऊन पाण्याच्या कडेला ढकलल्या गेल्या. पुराने ते तुकडे खाली नेले. ऑक्टोबरमध्ये पाणी उतरलं तेव्हा आधी जिथे एकही झाड नव्हतं, तिथे गाळात ओळीने रोपं उभी होती.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली शेळी मेली त्याच दिवशी शवविच्छेदन झालं असतं, तर दोन-तीन आठवडे वाचले असते. त्या काळात कळप रोज त्याच जाळीवर जात होता. गावात मेलेलं जनावर तडकाफडकी पुरायची पद्धत आहे आणि उन्हाळ्यात ती समजण्यासारखी आहे. पण कळपात दुसरं जनावर तसंच दिसत असेल, तर पुरण्याआधी पशुवैद्यकांना फोन करावाच. मेंदूचा नमुना काही तासांत घ्यावा लागतो, नंतर तो कामाचा राहत नाही.

जंताचं औषध पाजल्यावर आठवडाभर वाट पाहिली गेली. वजन घटणं आणि राठ केस एवढंच असतं तर ते बरोबर होतं. पण चाल बदललेली दिसल्यावर थांबायला नको होतं. पाय फाकवून उभं राहणं हे जंताचं लक्षण नाही.

द्राक्षबागेवरचा संशय अवाजवी होता असं मी म्हणणार नाही. फवारणीने जनावरं मेल्याच्या घटना घडतात आणि मजुराच्या बाजूने कुणी बोलत नाही हेही खरं. पण त्या वेळी कुणी बागेच्या बांधावर अर्धा तास उभं राहून कळप तिथे थांबतो का हे पाहिलं असतं, तर भांडणाला जागाच उरली नसती.

बेशरम खातात का, हा प्रश्न पुतण्याला एप्रिलमध्ये विचारला असता तर तो नाहीच म्हणाला असता, आणि तो खोटं बोलत नव्हता. म्हणून आता गटाच्या बैठकीत आम्ही तसं विचारत नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून दर पंधरवड्याला कुणीतरी मोठं माणूस अर्धा दिवस कळपामागे जातं आणि जाळ्यांचा खालचा भाग बघून येतं. पाला शेळीच्या तोंडाइतक्या उंचीपर्यंत खुडलेला दिसला की त्याच आठवड्यात कळपाची वाट बदलायची. वाट बदलायला वैरण लागते, आणि ती मार्चमध्ये महाग असते. म्हणून उसाची तोड चालू असतानाच वाढं वाळवून साठवायचं आणि सोयाबीनचा भुसा काढणीच्या वेळीच घेऊन ठेवायचा, असं गटाने ठरवलं आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांना ते जमलं नाही. ज्यांच्याकडे साठवायला छप्पर नाही त्यांचा भुसा अवकाळीत भिजला. त्यासाठी एक सामाईक शेड हवी आहे, जागेचं बोलणं चालू आहे.

उपटणी एका उन्हाळ्यात संपणारी नाही. जेसीबीच्या पट्ट्यातून खाली गेलेली रोपं पुढच्या मेपर्यंत कमरेएवढी होतील, त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत ती हाताने निघतात. समोरच्या काठासाठी वनविभागाकडे अर्ज द्यायचा तर तोही हिवाळ्यातच द्यावा लागेल, कारण पावसाळ्यात त्याच जाळ्यांत पक्षी घरटी करतात आणि तेव्हा कुणी हात लावू नये.